घडीच्या सायकलचे ब्रेक : दुबळेपणा, आवाज आणि उपाय

घडीची सायकल घेणाऱ्याचे पहिले काही आठवडे तिच्या घडीचे कौतुक करण्यातच जातात. लिफ्टमध्ये मावणारी, कार्यालयात टेबलाखाली सरकवता येणारी, मोटारीच्या डिकीत आडवी पडणारी ही सायकल शहरी माणसाच्या अनेक अडचणी दोन-तीन बिजागऱ्यांत सोडवते. मग पहिला पाऊस येतो. उड्डाणपुलाच्या उतारावर पुढची रिक्षा अचानक थांबते, दोन्ही लिव्हर मुठीत आवळले जातात, चाकातून कर्कश किंकाळी उठते. सायकल मात्र रिक्षाच्या दिशेने सरकतच राहते. ‘चाकच एवढेसे, त्याला ब्रेक तरी किती लागणार?’ अशी स्वतःची समजूत मग मालक घालून घेतो आणि पुष्कळदा दुकानदारही तिला दुजोरा देतो.

ही समजूत फारशी खरी नाही. लहान चाकामुळे ब्रेकच्या ताकदीत पडणारा फरक थोडा असतो. घडीच्या सायकलचा ब्रेक दुबळा असेल तर त्याचे कारण बहुधा चाकात सापडत नाही. ते हाताची मूठ आणि ब्रेकचे रबर यांच्यामध्ये धावणाऱ्या तारेत सापडते. आवाजाचे कारण पुन्हा वेगळे. या दोन तक्रारी बरोबरीने येत असल्या तरी त्यांचे मूळ एक असेलच असे नाही, आणि एकीवरचा उपाय दुसरीवर केल्याने अनेक सायकली बिघडलेल्या आहेत. किंचाळणाऱ्या ब्रेकवर तेलाचे दोन थेंब सोडणे हे त्याचे सर्वांत धोकादायक उदाहरण.

प्रश्न किती गंभीर आहे हे साध्या गणितावरून कळते. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारी सायकल सेकंदाला साधारण साडेपाच मीटर अंतर कापते. कोरड्या रस्त्यावर सुस्थितीतल्या ब्रेकने गुरुत्वीय त्वरणाच्या निम्म्याइतका वेग-ऱ्हास सहज मिळतो. तेव्हा ती तीन मीटरांहून थोड्या अधिक अंतरात थांबते. तोच ऱ्हास एक पंचमांशावर आला तर हे अंतर आठ मीटरांच्या घरात जाते. मधले पावणेपाच मीटर म्हणजे एका लहान मोटारीच्या लांबीहून जास्त. धोका दिसल्यापासून लिव्हर दाबेपर्यंत जाणारा वेळ यात धरलेलाच नाही.

लहान चाकाचा हिशेब

रिमला रबर घासून थांबणाऱ्या सायकलमध्ये रोधक बल लागू होते ते रिमच्या कडेवर, आणि ते कामी येते ते टायर जमिनीला टेकतो तिथे. म्हणून रिमची त्रिज्या भागिले टायरसह चाकाची त्रिज्या, या गुणोत्तरात ते कमी होते. मोठ्या सायकलच्या ६२२ मिलिमीटरच्या रिमवर २५ मिलिमीटरचा टायर असेल तर हे गुणोत्तर सुमारे ०.९२ येते. ज्याला ढोबळपणे १६ इंची म्हणतात त्या ३४९ मिलिमीटरच्या रिमवर ३५ मिलिमीटरचा टायर असेल तर ते ०.८३ होते. म्हणजे तोटा दहा टक्क्यांच्या आसपास. हा तोटा नगण्य नसला तरी थांबण्याचे अंतर दुप्पट करणारा निश्चितच नाही. शिवाय ब्रेक चाकाच्या तुंब्यात असेल किंवा डिस्कचा असेल तर हिशेब उलटतो. तेथे बल मध्याजवळ लागते आणि चाक जितके लहान तितका ब्रेक जमिनीवर अधिक जोर दाखवतो.

लहान चाकाची खरी किंमत मोजावी लागते ती झीज आणि उष्णता यांत. १६ इंची चाकाचा परिघ १.३ मीटरच्या आसपास असतो. एका किलोमीटरला ते साडेसातशेहून अधिक फेरे घेते, तर मोठे चाक पावणेपाचशे. रिमचा धातूही कमी. त्यामुळे चिखलातली वाळू तेवढीच असली तरी लहान रिम लवकर झिजते, आणि लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला तर लवकर तापते. सिंहगडासारख्या घाटातून घडीची सायकल उतरवताना ब्रेक एकसारखा घासत ठेवण्याऐवजी थोडा वेळ जोराने दाबून, मग सोडून, रिमला वारा लागू द्यावा. मध्येच थांबून रिम जवळून चाचपावी. हात ठेववत नसेल तर टायरमधल्या हवेचा दाबही वाढलेला आहे असे समजावे.

तारेचे घर्षण

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बीएसए कारखान्याने छत्रीधारी सैनिकांसाठी घडीची सायकल बनवली होती. तिची चाके मात्र नेहमीच्या मापाची होती. लहान चाकाच्या, सामानासारख्या हातात धरून नेता येणाऱ्या सायकली लोकप्रिय झाल्या त्या १९७०नंतर. हॅरी बिकर्टन यांची ॲल्युमिनियमची सायकल पाहून अँड्र्यू रिची यांनी लंडनमधल्या आपल्या खोलीत नवी रचना मांडली. खिडकीतून दिसणाऱ्या ब्रॉम्प्टन ऑरेटरी या चर्चवरून तिला ब्रॉम्प्टन हे नाव पडले. अमेरिकेत भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड हॉन यांनी १९८२मध्ये डाहॉन कंपनी सुरू केली. आज बाजारात दिसणाऱ्या बहुतेक घडीच्या सायकली या दोन घराण्यांच्या जवळच्या किंवा दूरच्या नातलग आहेत.

दोन्ही घराण्यांत एक अडचण समान आहे. हँडलची दांडी बिजागरीत मोडून खाली येते, मधली चौकट दुमडते किंवा मागचे चाक खाली वळते, आणि एवढ्या कसरतीत ब्रेकची तार ओढली जाऊ नये वा मोडू नये म्हणून ती ऐसपैस लांब ठेवावी लागते. हँडलपासून चाकापर्यंतचे अंतर मोठ्या सायकलपेक्षा जास्त, आणि वाटेत वळणे अनेक. नेहमीच्या सायकलमध्ये तार काही भागात उघडी आणि सरळ जाते. घडीच्या सायकलमध्ये मात्र ती बहुधा सुरुवातीपासून शेवटपर्यंत नळीतूनच धावते. दुकानात या नळीला ‘आउटर’ म्हणतात.

धक्क्यावर होडी बांधणारा खलाशी दोराला खुंट्याभोवती दोन वेढे देतो आणि मग एका हाताने होडी धरून ठेवतो. घडीच्या सायकलमध्ये नेमका हाच नियम चालकाच्या विरोधात जातो. तार जितकी वळते तितके तिचे बल घर्षणात अडकते, आणि हे नुकसान वळणांच्या बेरजेप्रमाणे गुणाकाराने वाढते. वळण रुंद की अरुंद याने फारसा फरक पडत नाही. एकूण किती अंश वळले हे महत्त्वाचे. तार आणि नळी यांच्यातला घर्षणगुणांक ०.१ धरला तर काटकोनाचे प्रत्येक वळण साधारण १५ टक्के बल खाते. अशी चार वळणे झाली की मुठीत लावलेल्या ताकदीपैकी जेमतेम निम्मी ब्रेकपर्यंत पोहोचते. आत गंज चढून गुणांक ०.२ झाला तर पोहोचणारा वाटा पाव हिश्शाच्या थोडा वर राहतो. उलट आतून गुळगुळीत अस्तर असलेली नवी नळी आणि चांगली तार यांनी तो ०.०५वर आणला तर जवळजवळ पाऊणपट बल पोहोचते. गंजलेल्या तारेच्या जागी नवी घातल्याने ब्रेक अडीचपट जोरदार व्हावा, ही अतिशयोक्ती वाटली तरी गणितात बसणारी गोष्ट आहे. मुंबईच्या खाऱ्या हवेत दोन पावसाळे काढलेल्या सायकलवर तिचा प्रत्यय येतो.

तपासणी सोपी आहे. ब्रेकच्या टोकाशी तार सोडवावी, एका हाताने ते टोक ओढून धरावे आणि दुसऱ्या हाताने लिव्हर हलके दाबून सोडावा. तार रेशमासारखी सरकली पाहिजे. खरखर लागली, तार अडखळली किंवा लिव्हर पूर्ण परत आला नाही तर तार आणि नळी दोन्ही बदलाव्यात. नुसती तार बदलून जुनी नळी ठेवणे म्हणजे तुंबलेल्या नळाला नवी तोटी लावणे होय.

नळी बदलताना तीन गोष्टींवर कटाक्ष असावा. पहिली, नळी ब्रेकचीच असावी. गिअरची नळी दिसायला तशीच असते, पण तिच्या आत पोलादी तारा लांबीच्या दिशेने असतात. ब्रेकच्या जोराने ती फाटू शकते आणि मग ब्रेक क्षणात नाहीसा होतो. ब्रेकच्या नळीत पोलादी पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. ब्रेकची तार दीड मिलिमीटरच्या आसपास जाडीची असते, गिअरची तिच्याहून बारीक. दुसरी गोष्ट नळीच्या टोकाची. पक्कडीने चिमटून तोडलेल्या नळीचे तोंड चपटे होते आणि पोलादी पट्टीचे टोक आत वळून तारेला ओरखडत राहते. रस्त्यावरच्या दुरुस्तीत हे सर्रास घडते. तोंड कानशीने सपाट करावे, आतले अस्तर सुईने मोकळे करावे आणि वर धातूची टोपी बसवावी. या पाच मिनिटांच्या कामाचे फळ महागड्या रबरापेक्षा मोठे असते.

तिसरी गोष्ट लांबी. नळी आखूड झाली तर हँडल वळवताना किंवा घडी घालताना ती ताणली जाते. गरजेपेक्षा लांब ठेवली तर वळणे वाढतात, शिवाय ती घडीत अडकून मोडते. जुन्या नळीच्या मापाने नवी कापणे हा सुरक्षित मार्ग. पण आधीच्या दुकानदाराने ती चुकीची कापली असेल तर तीच चूक पुढे चालते. म्हणून तार घट्ट करण्यापूर्वी सायकल एकदा पूर्ण दुमडावी, उलगडावी, हँडल दोन्ही टोकांना वळवावे आणि कोठेही नळीला तीव्र घडी पडत नाही हे पाहावे. हँडल वळवताना रबर आपोआप रिमजवळ सरकत असेल तर नळी आखूडच आहे.

मागच्या ब्रेकची नळी सर्वांत लांब असल्याने तिच्यात आणखी एक दोष येतो. जोर लावला की नळी स्वतःच किंचित आखडते आणि लिव्हर स्पंजासारखा मऊ लागतो. न आखडणाऱ्या, खास ब्रेकसाठी बनवलेल्या नळ्या मिळतात. त्या ताठ असतात, म्हणून घडीच्या जागी त्या वाकतील की नाही हे आधी ताडून पाहावे लागते. तरीही मागच्या ब्रेककडून फार अपेक्षा ठेवू नये. ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर जातो, आणि फक्त मागच्या ब्रेकने मिळणारा ऱ्हास पुढच्याच्या जवळपास निम्माच असतो. पुढचा ब्रेक दाबला की माणूस हँडलवरून फेकला जातो, या भीतीने अनेक जण तो वापरतच नाहीत. शरीर किंचित मागे सरकवून, हात ताठ ठेवून, दाब हळूहळू वाढवत नेला तर ही भीती राहत नाही. न वापरलेल्या पुढच्या ब्रेकची किंमत मात्र वर सांगितलेल्या मीटरांत मोजावी लागते. भारतात व ब्रिटनमध्ये उजव्या हाताचा लिव्हर सर्वसाधारणपणे पुढच्या चाकाचा असतो. युरोप-अमेरिकेतून आणलेल्या सायकलवर तो डावीकडे असू शकतो, हे पहिल्याच दिवशी पाहून घ्यावे.

लिव्हर आणि ब्रेक यांची जोडी

तार नवी आहे, रबर नवे आहे, तरी ब्रेक लागत नाही, अशा सायकलमध्ये जोडी चुकलेली असण्याचा संभव असतो. ब्रॉम्प्टनसारख्या सायकलींवर कमानीच्या आकाराचा, दोन बाहूंचा कॅलिपर असतो. २० इंची चाकाच्या अनेक सायकलींवर उभ्या बाहूंचा व्ही-ब्रेक असतो, जो शिमानो कंपनीने १९९६च्या सुमारास प्रचारात आणला. व्ही-ब्रेकला कॅलिपरच्या जवळजवळ दुप्पट तार ओढावी लागते, म्हणून त्याचा लिव्हरही वेगळा असतो. दोघांची अदलाबदल झाली की घोटाळा होतो, आणि तो हाताला उलटाच जाणवतो. व्ही-ब्रेकचा लिव्हर कॅलिपरला लावला तर लिव्हर छान कडक लागतो, थोड्याच अंतरात थांबतो. पण सायकल थांबत नाही. कडकपणा म्हणजे ताकद असे वाटून मालक निश्चिंत राहतो. उलट कॅलिपरचा लिव्हर व्ही-ब्रेकला लावला तर तो हँडलला टेकेपर्यंत येतो आणि रबर रिमला जेमतेम लागते. हँडल किंवा लिव्हर बदलून घेतलेल्या सायकलींत हा दोष पहिल्यांदा शोधावा. काही व्ही-ब्रेकच्या लिव्हरमध्ये तार अडकवण्याच्या दोन जागा दिलेल्या असतात, तेव्हा खर्चाशिवाय काम भागते.

व्ही-ब्रेकला तार जाते ती एका वाकड्या धातूच्या नळीतून. मेकॅनिक मंडळी तिला ‘नूडल’ म्हणतात. तिच्यातही गंज साचतो, आणि ती नळी अगदी स्वस्त असूनही क्वचितच बदलली जाते. काही सायकलींत पुढच्या ब्रेकच्या या नळीला स्प्रिंगची एक डबी जोडलेली असते. नवशिक्याने चाक अचानक जखडू नये हा तिचा उद्देश. परिणाम मात्र लिव्हर मऊ लागण्यात होतो. डबी काढून साधी नळी बसवली की ब्रेक लख्ख होतो, पण हाताला नवी सवय लागेपर्यंत जपून चालवावे.

ब्रॉम्प्टनच्या जुन्या सायकलींवरचे एका कीलकाचे कॅलिपर दुबळे म्हणून प्रसिद्ध होते. २०००च्या सुमारास त्यांच्या जागी दोन कीलकांचे आले आणि पुढे २०१३मध्ये लिव्हरही बदलले. जुनी सायकल विकत घेतली असेल तर या दोन्ही सुधारणा तिच्यावर नंतरही करता येतात. त्याच कंपनीने २०२४मध्ये आणलेल्या २० इंची चाकाच्या ‘जी लाइन’वर तर द्रवाच्या दाबाने चालणारे डिस्क ब्रेक आहेत, तारेचा प्रश्नच त्यात राहत नाही.

रबर, रिम आणि पाऊस

तार निर्दोष ठरल्यावरच रबराकडे वळावे. जुने रबर उन्हाने आणि वयाने कडक होते, त्याचा पृष्ठभाग काचेसारखा चकाकतो. पॉलिश कागदावर घासून आतला ताजा थर उघडा केला तर ते काही काळ पुन्हा काम देते, पण नखाने दाबूनही खूण उमटत नसेल तर बदलणेच इष्ट. ओल्या हवेसाठी लोहऑक्साइड मिसळलेले, साल्मन माशाच्या मांसासारख्या केशरी-गुलाबी रंगाचे रबर मिळते; अमेरिकेच्या कूल-स्टॉप कंपनीमुळे ते नावारूपाला आले. पावसाळ्यात सायकल बंद न करणाऱ्यांसाठी तो खर्च सार्थकी लागतो. लांब रबर लावले की ब्रेक वाढतो, ही मात्र गैरसमजूत होय. घर्षण दाबावर अवलंबून असते, क्षेत्रफळावर नव्हे. लांब रबर फक्त सावकाश झिजते.

रिमच्या धातूचा प्रश्न याहून मोठा आहे. क्रोम चढवलेली पोलादी रिम कोरडी असताना ठीक थांबते. ओली झाली की तिच्यावरची पकड कित्येक पटींनी घटते. जुन्या रॉड ब्रेकच्या सायकलींवर पावसात पाय टेकवून थांबणारी पिढी हा अनुभव विसरलेली नाही. स्वस्त घडीच्या सायकलींवर आजही पोलादी रिम दिसते. लोहचुंबक चिकटला तर रिम पोलादी, नाही तर ॲल्युमिनियमची. पोलादी रिमवर रबर बदलून थोडीफार सुधारणा होईल, पण खरा इलाज ॲल्युमिनियमच्या रिमचे चाक हाच आहे.

ॲल्युमिनियमची रिम स्पिरिटने किंवा साबणाच्या पाण्याने पुसावी. रॉकेल, डिझेल किंवा साखळीच्या तेलाचा हात तिला लागू नये. घडीच्या सायकलमध्ये हा धोका अधिक आहे, कारण दुमडताना तेलकट साखळी आणि रिम एकमेकींच्या शेजारी येतात. झीज पाहण्यासाठी रिमच्या बाजूवर पोलादी पट्टीची कड टेकवावी. खाली प्रकाश दिसला तर रिम खोलगट झाली आहे. अनेक रिमांवर झीज दाखवणारी खाच किंवा ठिपका असतो. तो नाहीसा झाला की रिमचे आयुष्य संपले. पातळ झालेली रिम हवेच्या दाबाने फुटू शकते, आणि पुढच्या चाकाची फुटली तर सावरायला वेळ मिळत नाही.

रबर रिमच्या पट्ट्यावर पूर्ण बसले पाहिजे. वर सरकले तर ते टायर कापते, खाली सरकले तर रिमखाली घसरून आऱ्यांत जाते. झिजेबरोबर रबर टेकण्याची जागाही सरकते, तेव्हा एकदा बसवले म्हणून निश्चिंत राहू नये. रिम आणि रबर यांत दोन्ही बाजूंना एक ते दोन मिलिमीटर अंतर पुरेसे आहे. चाक ‘आउट’ असेल, म्हणजे फिरताना डावी-उजवीकडे झुलत असेल, तर एवढे कमी अंतर ठेवता येत नाही. आधी आऱ्यांचा ताण जुळवून चाक सरळ करावे लागते.

आवाज कोठून येतो

ब्रेकची किंकाळी म्हणजे रबराने रिमला पकडणे, सोडणे, पुन्हा पकडणे, हे सेकंदाला शेकडो वेळा घडणे होय. व्हायोलिनची तार ज्या तत्त्वाने वाजते त्याच तत्त्वाने रिम वाजते. म्हणून आवाज करणारा ब्रेक दुबळा असतोच असे नाही. कित्येकदा तो चांगला पकडत असतो, पण त्याचे बाहू लवचीक असल्याने थरथरतात. घडीच्या सायकलींवरचे काही कॅलिपर मडगार्डला जागा देण्यासाठी लांब बाहूंचे केलेले असतात, त्यामुळे ही थरथर त्यांच्यात लवकर सुरू होते.

पहिला उपाय रबराच्या कोनाचा. चाकाच्या फिरण्याच्या दिशेकडे पाहता रबराचे पुढचे टोक रिमला आधी टेकले पाहिजे आणि मागचे अर्धा ते एक मिलिमीटर उशिरा. रबराच्या मागच्या टोकाखाली एक व्हिजिटिंग कार्ड दुमडून ठेवावे, लिव्हर दाबून धरावा, त्याच स्थितीत रबराचा बोल्ट आवळावा आणि कार्ड काढून घ्यावे. ज्या रबरांना वाटीसारखे वॉशर असतात त्यांचा कोन असा सहज जमतो. साध्या वॉशरच्या जुन्या कॅलिपरमध्ये तसे वॉशर घातलेले रबर घ्यावे; बाहू पक्कडीने पिळून कोन देण्याची जुनी युक्ती ॲल्युमिनियमच्या बाहूला तडा देऊ शकते.

किंकाळीऐवजी खरखर ऐकू येत असेल तर रबरात वाळू किंवा ॲल्युमिनियमचे चकाकते कण रुतलेले असतात. सुईने ते उपसून काढावेत, नाही तर रिमवर चर पडतात. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदाच टक् असा आवाज आला तर रिमचा सांधा किंवा एखादा उंचवटा तपासावा. आणि ब्रेक लावताना खालून ‘कट्ट’ आवाज येऊन हँडल पुढे-मागे हलल्यासारखे वाटले, तर ब्रेकला दोष देण्याआधी सायकलच्या सांध्यांकडे पाहावे. पुढचा ब्रेक दाबून धरावा आणि सायकल पुढे-मागे हलवावी. हलवताना दुसऱ्या हाताची बोटे एकामागून एक चिमट्याच्या वरच्या बेअरिंगवर, हँडलच्या बिजागरीवर आणि मधल्या बिजागरीवर टेकवावीत. जेथे बोटाला हालचाल जाणवेल तेथे ढिलाई आहे. बेअरिंगची ढिलाई कोणत्याही सायकलमध्ये येते. बिजागरीची मात्र घडीच्या सायकलमध्येच, आणि ती दुर्लक्षिण्यासारखी नसते. अडकवणीचा खटका पूर्ण बसत नसेल किंवा बिजागरीजवळ बारीक तडा दिसत असेल तर ती सायकल दुरुस्तीपर्यंत चालवू नये.

स्वस्त सायकलींच्या मागच्या चाकावर पुष्कळदा पट्ट्याचा ब्रेक असतो. तुंब्याला जोडलेल्या पोलादी डब्याभोवती अस्तर लावलेली पट्टी आवळली जाते, अशी त्याची रचना. पट्टी डब्याभोवती स्वतःहून घट्ट होत जाते म्हणून तो एका दिशेने चांगला पकडतो. जुना झाला की तितक्याच उत्साहाने ओरडतो. त्याचा आवाज कोनाच्या युक्तीने जात नाही. डबा उघडून आतली धूळ काढावी, चकाकलेले अस्तर पॉलिश कागदाने घासावे. काही आठवडे शांतता मिळते. कायमचा उपाय हवा असेल तर त्याच जागी बसणारा, आतून पसरणाऱ्या पट्ट्यांचा ब्रेक घालून घ्यावा.

डिस्क ब्रेकचा आवाज बहुतेक वेळा बोटांनी आणलेला असतो. डिस्कला हाताचे किंवा साखळीचे तेल लागले की ती ओरडू लागते आणि पकडही सोडते. डिस्क स्पिरिटने पुसावी. आतल्या पॅडमध्ये तेल मुरले असेल तर पॅड बदलावेत, ते धुऊन निघत नाहीत. नुसती घासल्याची सळसळ असेल तर कॅलिपर बसवणारे दोन बोल्ट सैल करून, लिव्हर दाबून धरून, ते पुन्हा आळीपाळीने आवळावेत. डिकीत किंवा लोकलच्या गर्दीत घडी घातलेल्या सायकलवर दुसरे सामान पडले तर डिस्क किंचित वाकते, हे या सायकलींचे खास दुखणे आहे.

काम झाल्यावर

नवी तार घातल्यानंतर लिव्हर पूर्ण जोराने दहा-पंधरा वेळा दाबावा. नळ्या आपापल्या जागी बसतात, तार थोडी सैल पडते. ती पुन्हा ताणून बोल्ट आवळावा. बारीक फरक लिव्हरजवळच्या फिरत्या नट-बोल्टने जुळवावा. पूर्ण दाबल्यावरही लिव्हर आणि हँडल यांत बोटभर तरी अंतर राहिले पाहिजे. तारेचे मोकळे टोक टोपी लावून बंद करावे, नाही तर ते उसवते आणि पुढच्या वेळी तार नळीतून निघत नाही.

चाचणी रिकाम्या, सपाट, कोरड्या जागेत घ्यावी. आधी पायी चालत सायकल ढकलावी आणि पुढचा ब्रेक दाबावा. मागचे चाक उचलले गेले पाहिजे. मग मागचा ब्रेक दाबून सायकल पुढे ओढावी. मागचे चाक फिरता कामा नये. त्यानंतर स्वार होऊन हळू वेगात, नंतर नेहमीच्या वेगात, दोन्ही ब्रेक एकत्र लावून पाहावेत. नवे रबर रिमवर बसायला वीस-पंचवीस वेळा थांबावे लागते, तोवर पकड थोडी कमी वाटते. अखेरीस सायकलची घडी घालून ती पुन्हा उलगडावी आणि हीच चाचणी परत घ्यावी. घडीपूर्वी चांगला लागणारा ब्रेक उलगडल्यानंतर सैल वाटला तर घडीत कोठेतरी नळी चिमटते आहे, आणि काम नळीच्या त्या वळणापासून पुन्हा सुरू करावे लागते.